तुपे गावची हाक़ारू: आपल्या वर्णमालेच्या तक्त्यावरून तिचे ध्वनी कसे शिकावेत

पहिलीच्या वर्गात भिंतीवर लावलेला क-ख-ग-घ-ङ चा तक्ता समोर ठेवा. एक कोरा कागद, पेन्सिल, टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी, हातात धरायचा आरसा आणि आवाज रेकॉर्ड करता येईल असा मोबाईल. एवढ्या सामानावर दक्षिण अमेरिकेतल्या एका अवघड भाषेचे सगळे ध्वनी ओळखायला आणि बरेचसे उच्चारायला शिकता येतात. ती भाषा म्हणजे हाक़ारू. मी सोलापुरात पूर्व भागात मुलांना वक्तृत्व आणि उच्चार शिकवते. माझ्या घरात तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी. हाक़ारूचे ध्वनी शिकायला मराठी माणसाइतकी चांगली तयारी फार थोड्यांची असते असं माझं ठाम मत आहे. ते का, हे पुढे करून बघताना कळेलच.

आधी थोडी ओळख. पेरू देशात सरकारी नोंदीप्रमाणे ४८ मूळ भाषा आहेत. त्यांतल्या ४४ ॲमेझॉनच्या जंगलपट्ट्यातल्या आणि ४ अँडीज पर्वतातल्या: केचुआ, आयमारा, हाक़ारू आणि काउकी. केचुआ आणि आयमारा लाखो लोक बोलतात. हाक़ारू मात्र लीमा विभागातल्या याउयोस प्रांतात, तुपे आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत उरली आहे. तुपे समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर, डोंगरउतारावरचं गाव. बोलणारे काही शेकडे. शिक्षणासाठी, कामासाठी लोक खाली कान्येते खोऱ्यात आणि लीमा शहरात उतरतात आणि मुलं स्पॅनिशमध्ये वाढतात. काउकी ही हाक़ारूची सख्खी बहीण, काचुय गावची. ती जवळजवळ संपल्यातच जमा आहे. आयमारा, हाक़ारू, काउकी हे एकच कुटुंब. मार्था हार्डमन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तुपेत राहून हाक़ारूचा अभ्यास केला. त्यांनी केलेलं ध्वनींचं आणि शब्दरचनेचं वर्णन १९६६ साली छापून आलं. तुपेचेच डिमास बौतिस्ता इतुर्रिसागा त्यांच्यासोबत काम करत भाषाशास्त्रज्ञ झाले. २०१० साली पेरूच्या शिक्षण खात्याने हाक़ारूची वर्णमाला अधिकृत केली.

आता तक्त्याकडे.

आपल्या तक्त्यात पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. पहिलं अल्पप्राण, दुसरं महाप्राण, तिसरं-चौथं घोष, पाचवं अनुनासिक. कोऱ्या कागदावर फक्त पहिले दोन रकाने उतरवा. तिसरा-चौथा रकाना पूर्ण खोडा. हाक़ारूच्या अस्सल शब्दांत ग, ज, ड, द, ब हे घोष स्पर्शवर्ण नाहीत, ते स्पॅनिशमधून आलेल्या शब्दांबरोबर येतात. खोडलेल्या जागी एक नवा रकाना येतो. त्या ध्वनीला मी वर्गात ‘कोंडलेला’ म्हणते, कारण तो म्हणताना श्वास कोंडावा लागतो. तो लिहिताना अक्षराच्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण द्या. अक्षरानंतर दिली तर काना-मात्रा लावताना घोटाळा होतो.

ओळी आठ. कागदावर अशा मांडा:

प, फ, ’प
त, थ, ’त
त्स, त्स्ह, ’त्स
त्य, त्य्ह, ’त्य
च, छ, ’च
ट्ष, ट्ष्ह, ’ट्ष
क, ख, ’क
क़, क़्ह, ’क़

आठ त्रिक चोवीस. खाली उरलेले बारा: म, न, ञ, ङ, ल आणि ल्य, स, श, ह, य, र, व. एकूण ३६ व्यंजनं. स्वर मात्र तीनच: आ, इ, उ. ए आणि ओ चा मोह टाळा. हा तक्ता हातात आला की निम्मं काम झालं, कारण स्पॅनिश किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला यातला दुसरा रकाना ऐकूच येत नाही. इंग्रजी माणूस ‘पिन’ म्हणताना प चा फ करतो आणि त्याला पत्ताही नसतो. आपल्याकडे काट-खाट, ताट-थाट, पळ-फळ यांत चूक झाली तर अर्थच बदलतो, म्हणून आपला कान लहानपणापासून तयार आहे.

पहिला रकाना: टिश्यूची पट्टी दोन बोटांत धरून ओठांसमोर लोंबती ठेवा आणि ‘प’ म्हणा. पट्टी हलता कामा नये. मराठी प, त, क जसे म्हणता तसेच म्हणा, काही वेगळं करायचं नाही.

दुसरा रकाना: ‘फ’ म्हणा. पट्टी उडाली पाहिजे. इथे एक गोष्ट सांभाळायची. हल्ली शहरात बहुतेक मुलं ‘फळ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावतात, इंग्रजी ‘फॅन’ सारखं. हाक़ारूत तो ध्वनी नाही. आरशात पाहा: दोन्ही ओठ पूर्ण मिटले पाहिजेत आणि मग झटक्यात उघडून वारा बाहेर यायला हवा. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाचं ‘फुल’ ऐका, तसं. तेलुगू किंवा कन्नड घरातल्या मुलांच्या बोलण्यात महाप्राण हलका होतो, ‘भात’ चा ‘बात’ ऐकू येतो. अशा मुलांकडून मी आधी ‘हा’ जोरात म्हणवून घेते, मग ‘त-हा, त-हा’ असं जोडत ‘था’ पर्यंत नेते. दोन-चार बैठकांत पट्टी उडू लागते.

त्स ची ओळ सोलापूरकराला फुकटात मिळालेली आहे. ‘चाक’ म्हणा, मग ‘चार’ म्हणा. लिहायला च एकच, पण ‘चाक’ मधला दातांशी घासतो आणि ‘चार’ मधला टाळूला लागतो. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही आहेत: सुरुवातीचा टाळूचा, शेवटचा दातांचा. तेलुगूतही तेच: ‘चालु’ म्हणजे पुरे, त्यातला दातांचा, ‘चीर’ म्हणजे साडी, त्यातला टाळूचा. हाक़ारूत हे दोन वेगळे ध्वनी आहेत, आणि शिवाय तिसरा, ट्ष. त्यासाठी ‘ट’ म्हणतो तशी जीभ मागे वळवा आणि तिथेच ठेवून ‘ष’ सोडा. आपल्यापैकी बहुतेकांनी ‘ष’ आणि ‘श’ एकच करून टाकलेत, तेव्हा ‘कष्ट’ हा शब्द सावकाश म्हणा. ट च्या आधी जिथे जीभ वळलेली असते तो खरा ष. ‘कष्ट’ उलटा केल्यासारखा ट्ष म्हणायचा.

आता त्स चा महाप्राण, म्हणजे त्स्ह. हा मराठीत नाही. आपला ‘छ’ टाळूचा आहे. पट्टी लावून ‘चाक’ चा च म्हणा आणि शेवटी ‘ह’ चा वारा जोडा. ‘त्स-हा, त्स-हा’ करत जवळ आणा. ट्ष्ह ही असाच जमवायचा. त्य च्या ओळीसाठी ‘त्याला’ या शब्दातला त्य घ्या, पण जिभेचा मधला भाग टाळूला टेकवून दोन अक्षरांचं एक अक्षर करा. या ओळींना फार वेळ लागत नाही, ओठ-जिभेचं नेहमीचंच काम आहे.

वेळ द्यायचा तो तिसऱ्या रकान्याला.

आपण एरवी बोलतो ते फुफ्फुसातून येणाऱ्या वाऱ्यावर. कोंडलेला वर्ण त्या वाऱ्यावर बोलतच नाहीत. घशातल्या स्वरतंतूंची दारं घट्ट मिटतात, तोंडातही ओठ किंवा जीभ एक दार बंद करते. या दोन दारांमध्ये थोडी हवा अडकते. मग घाटी, म्हणजे गळ्यावरचा पुढे आलेला उंचवटा, वर सरकते, अडकलेली हवा दाबली जाते, आणि पुढचं दार उघडताच ती ‘टक्’ असा आवाज करत सुटते. घशाचं दार त्यानंतर उघडतं आणि मग स्वर येतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या छोट्या अंशात होतो, पण शिकताना तो तुकड्या-तुकड्याने करायचा.

पहिला तुकडा, घसा मिटणं. नकार देताना आपण तोंड मिटून ‘अंहं’ म्हणतो, त्याच्या अगदी सुरुवातीला घशात एक छोटा अडथळा जाणवतो. तो अडथळा पकडून ठेवा. पाण्यानं भरलेला हंडा उचलताना श्वास जिथे अडतो तीच जागा. त्या अवस्थेत मनात पाच मोजा. आत श्वास नाही, बाहेर श्वास नाही. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरा तुकडा. श्वास तसाच कोंडून ठेवून जीभ ‘क’ च्या जागी लावा आणि जीभ जोरात सोडा. बारीकसा ‘क्’ ऐकू येईल, बाटलीचं बूच निघावं तसा. दुसरा हात पोटावर ठेवा. पोट अजिबात हललं नाही तर बरोबर. पोट आत गेलं तर तुम्ही नेहमीचा ‘क’ म्हणालात. आता सगळा श्वास बाहेर सोडून छाती रिकामी करा आणि श्वास न घेता लागोपाठ ’क, ’क, ’क म्हणा. फुफ्फुसातला वारा लागत नसल्याने तेही जमतं.

तिसरा तुकडा, घाटी. गळ्यावर मधोमध दोन बोटं ठेवून आवंढा गिळा, घाटी वर जाते ते जाणवेल. ’क म्हणतानाही ती थोडी वर उडी मारते. आरशात पुरुषांना ते स्पष्ट दिसतं.

चौथा तुकडा, स्वर जोडणं. इथे बहुतेक जण अडतात. ‘’क’ आणि ‘आ’ यांच्यामध्ये अगदी छोटी शांतता राहिली पाहिजे. सुरुवातीला ती मुद्दाम लांबवा: ’क, थांबा, आ. मग हळूहळू अंतर कमी करा. पट्टी समोर असेल तर ‘खा’ ला ती उडते, ‘का’ ला स्थिर राहते आणि ‘’का’ ला जरा दचकते.

माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र सगळ्यात जलद जमलं ते बीटबॉक्सिंगमुळे. तोंडाने ढोल वाजवतात तो ठोका म्हणजे ’प, आणि झांजेचा ‘त्स्’ म्हणजे ’त्स. अशोक चौकातल्या एका पोराने ‘बाई, हे तर मला येतंय’ म्हणून धडाधड वाजवून दाखवलं तेव्हा मी पोटावरचा हात, घाटी, श्वास सगळं थांबवलं आणि त्यालाच शिकवायला पुढे उभं केलं. बीटबॉक्स येत असेल तर ठोक्यांमागे लगेच ‘आ’ जोडायचा सराव करा: ’पा, ’त्सा, ’का. सरावानंतर ‘बाई, घसा दुखूलालाय’ असं कुणी म्हणालं की सराव तिथेच थांबवायचा. जोर घशावर येता कामा नये, जिभेने आणि ओठाने ताकद लावायची. घोटभर पाणी प्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

क़ ची ओळ. जीभ ‘क’ च्याही मागे, पडजिभेपाशी लागते. उर्दू ‘क़लम’ नीट म्हणणाऱ्याकडून शिकावी. दखनीत क़ चा ख़ होतो, त्यामुळे गल्लीत विचारून भागणार नाही. मस्जिदीत कुराण शिकवणारे मौलाना क़ अगदी शुद्ध म्हणतात, त्यांना विचारा. ‘का’ म्हणत जीभ हळूहळू मागे सरकवत न्या. आवाज जाड, खोल होत जातो. तो शेवटचा, सगळ्यात खोल ध्वनी म्हणजे ‘क़ा’. भाषेच्या नावातच तो आहे: हा-क़ा-रू.

आणि तळाचे चार अनुनासिक. ङ आणि ञ आपण पहिलीत पाठ करतो आणि ‘वाङ्मय’ सोडलं तर सहसा सुटे वापरत नाही. तुपेत हे दोन्ही म आणि न च्या बरोबरीने आहेत. ‘रंग’ म्हणा आणि ग येण्याआधी थांबा, तो ङ. ‘पंच’ म्हणा आणि च येण्याआधी थांबा, तो ञ. आता त्यांच्यापुढे सरळ ‘आ’ जोडा: ङा, ञा. मला हा भाग शिकवताना फार आनंद होतो. ण आणि ळ मात्र तिथे नाहीत.

सुटे ध्वनी जमले की ते एकमेकांशेजारी ठेवून ऐकायचे. सरावासाठी मी कूस्को भागातल्या केचुआचे शब्द घेते, कारण त्या भाषेतही हेच तीन रकाने आहेत आणि तिच्या ध्वनिफिती सहज मिळतात. ‘तान्ता’ म्हणजे गोळा केलेलं, ‘थान्ता’ म्हणजे जीर्ण, फाटकं, ‘’तान्ता’ म्हणजे पाव. ‘चाकि’ पाय, ‘’चाकि’ कोरडं. ‘कान्का’ भाजलेलं मांस, ‘’कान्का’ कोंबडा. दोघांनी बसायचं. एकाने पाठमोरं राहून यातला एक शब्द म्हणायचा, दुसऱ्याने कागदावरच्या रकान्यावर बोट ठेवायचं. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत. यंत्रमागाशेजारच्या खोलीत हे होत नाही. खटक-खटक आवाजात ’त आणि त यांतला फरक बुडून जातो. आमच्याकडे माग बंद असतो त्या दिवशी किंवा पहाटे बसावं लागतं.

कानावर विश्वास बसत नसेल तर डोळ्याने बघा. ‘प्रात’ (Praat) नावाचं फुकट मिळणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं. त्यात तुमचा का, खा, ’का रेकॉर्ड करून चित्र उघडा. ‘का’ मध्ये जीभ सुटल्याची उभी रेघ आणि लगेच स्वराच्या लाटा दिसतात. ‘खा’ मध्ये रेघ आणि लाटा यांच्यामध्ये केसाळ, धुरकट पट्टा, तो ह चा वारा. ‘’का’ मध्ये ठळक रेघ, मग जवळजवळ कोरी जागा, मग लाटा. ती कोरी जागा म्हणजे घसा अजून मिटलेला आहे. ती दिसली की तुमचा तिसरा रकाना जमला.

यानंतरच हाक़ारूच्या ध्वनिफितींकडे जा. इंटरनेटवर ‘हाक़ारू’ आणि ‘तुपे’ स्पॅनिश स्पेलिंगमध्ये (Jaqaru, Tupe) शोधा. पहिल्या वेळी अर्थ शोधू नका. कागदावरचा तक्ता समोर ठेवा आणि ऐकलेल्या प्रत्येक व्यंजनाला रकान्यात एक टिंब द्या. पुन्हा ऐका, पुन्हा टिंबं. काही वेळाने व्यंजनांचे मोठे जोड ऐकू येतील आणि वाटेल की स्वर कुठे गेले. या भाषांत प्रत्यय लागताना आधीचा स्वर गळतो. मूळ शब्द ‘हाक़ि’, माणूस, ‘आरु’, बोली, एकत्र आले की इ गळून ‘हाक़ारू’. आपल्या ‘कापूस’ चं ‘कापसाचा’ होताना ऊ जातो तसंच, फक्त तिथे हे फार मोठ्या प्रमाणावर चालतं. म्हणून शब्द एकदम न धरता शेवटाकडून सोडवत या.

चार सर्वनामं पाठ करून ठेवा, ती सतत कानावर पडतील: ‘ना’ म्हणजे मी, ‘हुमा’ म्हणजे तू, ‘उपा’ म्हणजे तो किंवा ती, आणि ‘हिव्सा’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद स्पॅनिशमध्ये नाही, मराठीत आहे, तेलुगूत आहे, हाक़ारूतही आहे.

ऐकताना एक पथ्य पाळा. त्या ध्वनिफितीतला आवाज कुणाच्या तरी आजीचा, कुणाच्या तरी वडिलांचा असतो. ’क ऐकून हसू आलं तर वर्गाबाहेर. आपल्या उच्चाराचे व्हिडिओ ‘विचित्र भाषा’ म्हणून टाकणाऱ्यांना मी शिकवत नाही. तुपेच्या माणसांनी टाकलेली ध्वनिफीत पुढे पाठवायची असेल तर ती कुणी, कुठे टाकली ते नाव बरोबर पाठवा.

तक्ता एकदा हातात बसला की तो घरीही वापरून बघा. पूर्व भागातली तेलुगू आंध्र-तेलंगणातल्या तेलुगूहून वेगळी झाली आहे, आणि आमच्या घरातली मुलं आजीला मराठीत उत्तर देतात. आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन, दुपारी पंखा बंद करून रेकॉर्ड करा. मोबाईल तिच्या तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसकारा येत नाही. एमपी३ ऐवजी वेव्ह प्रकारची फाइल ठेवा. एमपी३ आवाज दाबताना बारीक तपशील गमावू शकते. सुरुवातीला तारीख, पेठेचं नाव आणि आजीचं मूळ गाव स्वतःच्या आवाजात बोला. मग स्वयंपाकघरातल्या वस्तूंपासून सुरू करा, प्रत्येक शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घ्या, दोन शब्दांमध्ये जरा थांबू द्या, आणि कोऱ्या कागदावर तिच्या भाषेचे रकाने आखा.